हरणाऱ्याचे येजितखत

पिंपे बांधणारे कारागीर मुंबईच्या कूपरेजवरून उठून गेल्याला कित्येक पिढ्या लोटल्या, तरी त्यांच्या धंद्याचे नाव त्या मैदानाने टाकलेले नाही. आणि फुटबॉलच्या रोव्हर्स चषकाचा जुना थाट राहिला नाही, तरी त्या सामन्यांच्या आठवणी सांगणारे एखाददुसरे वृद्ध गृहस्थ तेथील कठड्यापाशी अद्यापि भेटतात. पाऊस ओसरण्याच्या सुमारास त्या मैदानावर मी एकदा खालच्या गटातील एक सामना पाहिला. एका बाजूचा संघ ओळीने चार सामने हरून आला होता, आणि ते त्याच्या चालीवरूनच दिसत होते. चेंडू पायात आला की प्रत्येक जण तो दुसऱ्याच्या गळ्यात मारून मोकळा होई. विसाव्या मिनिटाच्या आसपास त्यांच्या बचावपटूच्या खांद्याला चेंडू लागला. खांदाच होता, मी दहा हातांवर उभा होतो आणि चिखलाचा वाटोळा डाग त्याच्या बाहीच्या शिवणीवर उमटलेला मला स्पष्ट दिसला. पंचांनी मात्र 'हँड' म्हणून शिट्टी फुंकली आणि बोट पेनल्टीच्या ठिपक्याकडे केले. गोल झाला. उत्तरार्धात गोलरक्षक आणि फुलबॅक हे दोघेही "तुझा, तुझा" म्हणत थांबले असता चेंडू त्यांच्यामधून आत गेला, आणि शेवटी तिसराही झाला.

सामना संपल्यावर ती मुले कडेच्या ओल्या गवतावर बसून मोजे उतरवीत होती आणि एकच वाक्य निरनिराळ्या स्वरांत म्हणत होती, "रेफ्रीने घालवली मॅच." त्यांचे प्रशिक्षक पाण्याच्या बाटल्या गोळा करीत होते. त्यांनी मान वर न करताच विचारले, "पहिला त्याचा. पुढचे दोन कोणाचे रे?" कोणी उत्तर दिले नाही. प्रश्न बिनतोड होता असे तेव्हा मलाही वाटले. पुढे विचार करता मात्र वाटू लागले, की त्या दोन गोलांतही पंचांचा काही हिस्सा असावा. कारण चार पराभव पचवून आलेल्या संघाला एका अन्याय्य गोलानंतर जे काही होते, ते पाचव्या विजयासाठी उतरलेल्या संघाला होत नाही. हा हिस्सा नेमका किती, याचा हिशेब फुटबॉलच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात कोणालाही बिनचूक मांडता आलेला नाही, आणि त्या न जमलेल्या हिशेबाचीच ही हकिकत आहे.

पंच हा शब्द आपल्याकडे खेळाच्या मैदानावरून आलेला नाही, तो चावडीवरून आला. पेशवाईतील न्यायाची कागदपत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांस ठाऊक असेल, की कज्जा पंचायतीपुढे उभा राहण्यापूर्वी वादी आणि प्रतिवादी या दोघांकडून 'पंच सांगतील तो निवाडा मान्य' असा राजीनामा लिहून घेत (राजीनामा म्हणजे तेव्हा संमतिपत्र, नोकरी सोडण्याचा कागद हा अर्थ त्याला मागाहून चिकटला), वर्तणुकीबद्दल जामीन घेत, दोघांच्या तकरिरी लिहून घेत, साक्षीपुरावा पाहत, आणि निवाडा झाल्यावर हरलेल्या पक्षाकडून जिंकलेल्यास येजितखत देववीत. येजितखत म्हणजे 'या वादात मी खोटा झालो' अशी हरणाऱ्याने स्वहस्ते दिलेली कबुली. ही कबुली मिळाल्यावाचून निवाडा पुरा झाला असे त्या लोकांस वाटत नसे, यात मनुष्यस्वभावाचे मोठे मार्मिक ज्ञान होते. फुटबॉलच्या पंचाला राजीनामा मिळतो, कारण मैदानात उतरणे हीच संमती. येजितखत मात्र त्याला आजवर कोणी राजीखुशीने दिलेले नाही.

आरंभी या खेळात पंचच नव्हता. इंग्लंडातील विद्यालयांच्या कुरणांवर खेळणारी मुले खानदानी घराण्यांतील असत. सभ्य गृहस्थ जाणूनबुजून नियम मोडीलच कसा, या गृहीतकावर सारा खेळ उभा होता, आणि तंटा झालाच तर दोन्ही कप्तान आपसांत तोड काढीत. पुढे चषक आले, गावोगावचे संघ आले, गिरण्यांतील कामगार खेळू लागले, प्रवेशमूल्य देऊन पाहणारे लोक आले. मग प्रत्येक संघ आपापला अंपायर बरोबर आणू लागला, आणि १८७४ च्या सुमारास नियमांतही अंपायरांचा उल्लेख झाला. दोन वकील नेमून न्यायाधीश न नेमण्यासारखाच हा प्रकार. दोघांचे जमेना तेव्हा वाद तिसऱ्याकडे सोपवण्याची चाल पडली, आणि ज्याच्याकडे सोपवायचा तो रेफरी. हा बिचारा रेषेबाहेर उभा असे. शिवाय दाद मागितल्यावाचून निवाडा नाही, असा दंडक होता. खेळाडूंनी हात वर करून फिर्याद केली तरच नियमभंग विचारात घेतला जाई, आणि त्यामुळे ज्या संघाचा आवाज मोठा, त्याचा कायदाही मोठा होत असे.

१८९१ साली हे सारे पालटले. रेफरी मैदानाच्या आत आला, दोन अंपायर निशाणे घेऊन रेषांवर गेले आणि लाइन्समन झाले, आणि त्याच वर्षीच्या २ जूनला पेनल्टी किकचा नियम मंजूर झाला. योगायोग असा, की आपल्या मुंबईत रोव्हर्स चषकास आरंभ झाला तोही याच वर्षी, आणि तो प्रथम वूस्टरशर पलटणीने नेला. म्हणजे आपल्या शहरातील संघटित फुटबॉल आणि मैदानात उतरलेला एकमेव पंच हे दोघे एकाच वयाचे आहेत.

पेनल्टीचा नियम ज्याने सुचविला त्या मनुष्याची गोष्ट येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. विल्यम मॅक्रम हा आयर्लंडच्या आर्मा परगण्यातील मिलफर्ड या खेड्यातला, लिननच्या गिरणीच्या मालकाचा मुलगा, आणि गावच्या संघाचा गोलरक्षक. हा संघ १८९०-९१ च्या पहिल्या आयरिश लीगमध्ये खेळला आणि चौदाच्या चौदा सामने हरला. त्याने गोल केले दहा आणि त्याच्यावर झाले बासष्ट. गोलाला जाळी लावण्याची पद्धत अद्याप पडली नव्हती, तेव्हा प्रत्येक गोलानंतर चेंडू आणण्यासाठी पाठीमागच्या गवतात किती वेळा जावे लागले असेल याची कल्पना करावी. गोल निश्चित होणार असे दिसताच हाताने चेंडू अडवणे किंवा पुढे आलेल्याचा पाय ओढणे हा त्या काळचा सर्रास उद्योग होता आणि त्याला शिक्षा फार हलकी होती. तिला वजन आणावे अशी सूचना मॅक्रमने केली. सभ्य गृहस्थांना ती अपमानास्पद वाटली, आणि पेनल्टी मिळाली तर चेंडू मुद्दाम बाहेर मारणारे हौशी इंग्रज खेळाडू पुढे बरीच वर्षे होते, असे सांगतात. माझे कुतूहल वेगळ्या गोष्टीपाशी थबकते. सर्वांत दुबळ्या संघाच्या गोलरक्षकाने न्यायबुद्धीने मागितलेला हा कायदा पुढील शतकभर दुबळ्या संघांच्याच पाठीवर सर्वांत अधिक वाजला.

त्याचे कारण गणिती आहे, आणि त्यात कोणाच्याही बेइमानीची गरज नाही. वाईट खेळणारा संघ आपल्याच गोलासमोर राहतो. चेंडू त्याच्या ताब्यात टिकत नाही, म्हणून तो परत परत त्याच्याच पेनल्टी बॉक्समध्ये येतो. त्याचे बचावपटू दमलेले असतात, म्हणून त्यांचा पाय चेंडूवर अर्धा क्षण उशिरा पडतो. अर्धा क्षण उशिरा पडलेला पाय चेंडूऐवजी घोट्यावर बसतो. समजा, पंच निःस्पृह आहे आणि दर वीस निर्णयांत एकदा चुकतो. बलवान संघाच्या बॉक्समध्ये त्याला सामन्याभरात दोन निर्णय द्यावे लागले आणि दुबळ्याच्या बॉक्समध्ये वीस, तर त्याची चूक कोणाच्या वाट्यास येणार हे निराळे सांगावयास नको. समान चुकणारा पंचही पडत्या संघास पक्षपाती भासतो तो असा. त्यातून फुटबॉल हा गोलांच्या दुष्काळाचा खेळ. क्रिकेटात एक गडी अन्यायाने बाद झाला तरी नऊ उरतात. फुटबॉलमध्ये दुबळा संघ सगळा सामना ज्या एका गोलाच्या आशेवर काढतो तोच एका शिट्टीने जातो, आणि चार गोल करण्याची ऐपत असलेला संघ तोच अन्याय वाटेतल्या खड्ड्यासारखा ओलांडून जातो. निःपक्षपाती पंचाच्या बाबतीत जर हे असे, तर पक्षपाती पंचाविषयी काय बोलावे?

पक्षपाताची फिर्याद हिंदुस्थानात सर्वांत मोठ्याने आणि सर्वांत दीर्घकाळ ऐकू आली ती कलकत्त्याच्या मैदानावर. तेथे इंडियन फुटबॉल असोसिएशन १८९३ साली स्थापन झाली, तिची ढालीची स्पर्धा त्याच वर्षी सुरू झाली, आणि लीग १८९८ पासून. संस्थेच्या नावात हिंदुस्थान होता, पण कारभार गोऱ्यांच्या हाती होता. संघ पलटणींचे आणि गोऱ्या क्लबांचे, आणि शिट्टीही बहुधा त्यांच्याच ओठांत. लीगमध्ये नेटिव्ह क्लबांना प्रवेशच नव्हता; तो १९१४ च्या सुमारास दुय्यम गटात मिळाला, आणि मोहन बागान १९१५ साली वरच्या गटात आले, तरी पहिल्या गटात दोनांहून अधिक हिंदी क्लब नसावेत असा निर्बंध पुढेही दहा वर्षे होता. पंचगिरीवरील आरोपांच्या धुरळ्यात ही गोष्ट झाकून जाऊ नये म्हणून ती प्रथम सांगतो. शिट्टीत पक्षपात नव्हता असे नव्हे, पण त्याहून मोठा पक्षपात फाटकाशी उभा होता, आणि त्याला वाजण्याची गरज नव्हती.

२९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशर पलटणीचा दोन विरुद्ध एक असा पराभव करून ढाल जिंकली, ती हकिकत बंगाली घरांतून पुराणासारखी सांगतात. अकरांपैकी दहा अनवाणी, बूट घातलेला एकटा सुधीर चटर्जी. मैदानाभोवती हजारोंची गर्दी. ज्यांना काही दिसत नव्हते त्यांच्यासाठी गोलांची संख्या लिहून आकाशात सोडलेले पतंग. पलटणीने पहिला गोल केला, मग शिवदास भादुरीने बरोबरी साधली आणि अखेरीस अभिलाष घोषने विजयाचा गोल केला. आता या कथेतील एका माणसाविषयी विचारून पाहावे. शिट्टी कोणाची होती? पुलर नावाच्या एका इंग्रजाची. त्याने पक्षपात केला असे कोणी म्हणत नाही, त्याने न्याय केला असेही कोणी म्हणत नाही. तो कोणाच्या ध्यानातच राहिलेला नाही. जिंकणाऱ्याच्या स्मृतीत पंचाला स्थान नसते.

त्यानंतर मोहन बागानला ती ढाल पुन्हा मिळाली ती १९४७ साली. मधल्या छत्तीस वर्षांत पंचांचे नाव मात्र सर्वांच्या तोंडी झाले. ऑफसाइडची शिट्टी, नाकारलेला गोल, पलटणीच्या सोजिराने अनवाणी पावलावर हाणलेला बूट आणि त्याकडे पाठ फिरवलेला गोरा पंच, अशा कैफियती चहाच्या दुकानांतून आणि वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे चालल्या. राजकीय पारतंत्र्यात असलेल्या लोकांच्या त्या कैफियती होत्या, तेव्हा त्यांत सत्य पुष्कळच असले पाहिजे. ज्याच्या हाती कचेरी आणि कोतवाली त्याच्याच हाती शिट्टी असता ती निर्मळ कशी राहावी? परंतु त्याच काळात पाऊसही पडत होता. कलकत्त्यातील फुटबॉलचा मोसम हा पावसाचा मोसम. कोरड्या गवतावर हरणासारखी धावणारी अनवाणी पावले चिखलात निसटत, आणि खिळ्यांच्या बुटांतील पलटणवाले पाय रोवून उभे राहत. १९२३ साली ढालीच्या अंतिम सामन्यात कलकत्ता क्लबाने मोहन बागानवर तीन गोल चढवले ते अशाच भिजलेल्या मैदानावर. पंचांना दिलेली दूषणे त्या तीन गोलांस पुरत नाहीत. पण बूट घालणे हा अनवाणी शौर्याच्या दंतकथेचा अवमान झाला असता, आणि पंचांना दूषणे देण्यात कसलाच अवमान नव्हता.

मोहमेडन स्पोर्टिंगने ही दंतकथा बाजूस ठेवली. त्यांनी बंगालबाहेरून, बंगळूरपासून वायव्येपर्यंत धुंडाळून खेळाडू आणले, ओल्या मैदानावर त्यांना बूट घालावयास लावले, आणि १९३४ ते १९३८ अशी ओळीने पाच वर्षे लीग जिंकली. मैदान तेच होते, संस्था तीच होती, पाऊस आणि पंच हेही तेच होते. यावरून पूर्वीच्या फिर्यादी खोट्या होत्या असे अनुमान काढणारा मनुष्य उतावळा म्हणावा लागेल. इतकेच दिसते, की पक्षपाताची जी रक्कम पडत्या संघाला दिवाळखोर करते, ती चढत्या संघाला किरकोळ खर्चात घालता येते. पुढची गंमत अशी, की १९३९ साली याच मोहमेडनने, ईस्ट बंगाल आणि कालीघाट यांच्यासह, संस्थेच्या अन्याय्य कारभाराची तक्रार करून लीगमधून अंग काढून घेतले. त्या तक्रारीत पंचगिरी होतीच, पण आता वाद गोरा विरुद्ध काळा इतका सरळ उरला नव्हता. आणि त्याच वर्षी मोहन बागानने आपली पहिली लीग जिंकली! या पंचांविषयी त्यांची कैफियत काय होती, हे विचारण्याची कोणास इच्छा झाली नसावी.

पंच बदलले, राज्य बदलले, आणि तक्रार जागच्या जागी राहिली, हे स्वातंत्र्यानंतर कलकत्त्याने आणि गोव्यानेही पुष्कळ पाहिले. त्यात शिरण्याऐवजी मी एकदम जर्मनीत जातो, कारण ज्या गोष्टीचा पुरावा कलकत्त्यात कधीही मिळणार नव्हता तिचा दस्तऐवजी पुरावा तेथे एका न्यायालयाने लिहून ठेवला आहे.

२१ ऑगस्ट २००४. जर्मन चषकाची पहिली फेरी. हँबर्गचा प्रख्यात संघ, जो वरच्या लीगमधून तोपर्यंत कधीही उतरला नव्हता, तिसऱ्या श्रेणीतील पाडेर्बोर्नच्या मैदानावर खेळत होता. हँबर्ग दोन गोलांनी पुढे होता. मग हँबर्गचा बेल्जियन आघाडीवीर एमिल म्पेंझा हा पंचाशी वादावादी केल्याच्या कारणावरून बाहेर गेला, पाडेर्बोर्नला दोन पेनल्ट्या मिळाल्या, आणि सामना चार विरुद्ध दोन असा संपला. पंच होता रॉबर्ट होयत्सर, वय चोवीस, उंच, देखणा, पंचमंडळाचा होतकरू मनुष्य.

त्या रात्री जर्मनीत काय बोलले गेले असेल याची कल्पना फुटबॉल पाहणाऱ्या कोणासही करता येईल. हँबर्गचा संघ त्या हंगामात आधीच डळमळीत होता, आणि तिसऱ्या श्रेणीच्या संघाकडून मार खाणे हा त्या डळमळीतपणाचा जणू कळस ठरला. प्रशिक्षक क्लाउस टॉपम्योलर हे कोणी ऐरेगैरे नव्हते. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी लेव्हरकूजनला युरोपच्या सर्वश्रेष्ठ स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. परंतु पाडेर्बोर्ननंतर लीगमध्येही पराभवांची रांग लागली, हँबर्ग गुणतक्त्याच्या तळाशी गेला, आणि ऑक्टोबरमध्ये टॉपम्योलर यांना काढून टाकण्यात आले. शब्दाच्या जुन्या अर्थाचा राजीनामा त्यांनी प्रत्येक सामन्यापूर्वी दिला होता. नव्या अर्थाचा देण्याचीही उसंत त्यांना मिळाली नाही.

जानेवारी २००५ मध्ये चार पंचांनी आपल्याच सहकाऱ्याविषयीचा संशय संघटनेच्या कानी घातला. होयत्सरने प्रथम कानांवर हात ठेवले, आणि मग काही दिवसांतच सारे कबूल केले. बर्लिनमधील 'कॅफे किंग' नावाच्या एका उपाहारगृहात बसणाऱ्या पैजखोरांसाठी तो सामने फिरवीत होता, आणि पाडेर्बोर्नचा सामना त्यांपैकीच एक. मोबदला सदुसष्ट हजार युरो आणि एक दूरदर्शन संच. या संचावर माझी दृष्टी नेहमी खिळून राहते. पैशाची हाव समजू शकते, पण ज्या पडद्यावर आपणच नासवलेले सामने पुन्हा दिसावयाचे तो पडदा मोबदल्यात घेण्याला काय म्हणावे? त्याला दोन वर्षे पाच महिने कारावासाची शिक्षा झाली. हँबर्गला रोख रक्कम आणि एका आंतरराष्ट्रीय सामन्याचे यजमानपद मिळून सुमारे वीस लाख युरोंची भरपाई देण्यात आली. निकाल मात्र फिरवला गेला नाही, कारण तोवर चषकाच्या पुढच्या फेऱ्या होऊन गेल्या होत्या. नोंदवहीत अद्यापि पाडेर्बोर्न चार, हँबर्ग दोन असेच आहे.

कलकत्त्यात संघाचे दोष पंचाच्या नावे मांडले गेले, हँबर्गमध्ये पंचाचा गुन्हा संघाच्या नावे मांडला गेला, आणि दोन्हीकडे खतावणी चुकली ती एकाच कारणाने: संघ वाईट खेळत होता. जो संघ जिंकत आला आहे त्याच्यावर अशा दोन पेनल्ट्या बसल्या असत्या तर त्याच संध्याकाळी चौकशीची मागणी झाली असती. पडत्या संघाच्या अंगावर सगळेच आरोप बेतल्यासारखे बसतात, आणि लबाड पंचाला याहून चांगला आडोसा कोठला मिळणार? होयत्सरने हे शास्त्र म्हणून जाणले असेल असे नाही. ज्याच्याकडे आधीच बोट रोखलेले आहे त्याच्याच खिशात चोरीचा ऐवज टाकावा, हे खिसेकापूला कोणी शिकवावे लागत नाही.

यावरून टॉपम्योलर निर्दोष होते असेही म्हणता येत नाही, हे येथेच नमूद केले पाहिजे. लीगमधील पराभव होयत्सरच्या शिट्टीखाली झालेले नव्हते. त्यांच्यानंतर आलेल्या टोमास डोल यांच्या हाताखाली तोच संघ तळातून उठून हंगामाच्या अंती आठवा आला. तेव्हा दोष होताच. पाडेर्बोर्नच्या त्या संध्याकाळने खेळाडूंच्या मनात काय पेरले आणि पुढच्या आठवड्यांत त्याचे किती उगवले, हे मात्र कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत येत नव्हते.

लाचखाऊ पंच विरळा. पण लाच न घेताही पंच कसा कलतो याचा शोध विद्वानांनी अलीकडे पुष्कळ घेतला आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाळीस इंग्रज पंचांना लिव्हरपूलच्या मैदानावरील एका सामन्यातील सत्तेचाळीस झटापटी दाखवण्यात आल्या, काहींना प्रेक्षकांच्या गलक्यासह आणि काहींना मूकपणे. ज्यांनी गलका ऐकला त्यांनी यजमान संघाविरुद्ध साडेपंधरा टक्के कमी फाउल दिले. स्पेनच्या लीगच्या अभ्यासात असे आढळले, की यजमान एका गोलाने मागे असले तर पंच शेवटी अधिक वेळ देतात आणि पुढे असले तर शिट्टी लवकर वाजवतात. २००७ साली सिसिलीतील काटानिया येथे दंगलीत एका पोलीस अधिकाऱ्याचा मृत्यू झाल्यावर इटलीतील अनेक मैदाने प्रेक्षकांना बंद करण्यात आली. त्या रिकाम्या मैदानांवर यजमानांकडील हा कल जवळपास नाहीसा झाला. या अभ्यासांपुढे माझा एक तर्क जोडतो. जो संघ हरत चालला आहे त्याचे प्रेक्षक घरी बसू लागतात, आणि जे येतात ते पंचाऐवजी आपल्याच खेळाडूंवर ओरडतात. पंचाच्या कानावर पडणारे जे दडपण यजमानाचा छुपा बारावा गडी असते, तेही अशा संघाला सोडून जाते, आणि ज्या शंकास्पद क्षणी पूर्वी शिट्टी गप्प राहिली असती त्या क्षणी ती आता वाजते. पंच बदललेला नसतो. त्याच्या पाठीमागचा आवाज बदललेला असतो.

पडत्या संघाने या साऱ्यावर काय करावे? इटलीतील फिओरेन्तिना क्लबाने २००४-०५ च्या हंगामात, उतरणीच्या काठावर उभे असताना, प्रथम अन्यायाची तक्रार केली आणि मग ज्यांच्या हाती पंचांच्या नेमणुका होत्या त्यांच्याशी सलोखा साधला, असे पुढच्या वर्षीच्या चौकशीत ठरले. फिर्यादी मुनसफाच्या ओसरीवर पान खाण्यास बसू लागला, म्हणावयाचे. संघ त्या वर्षी तरला आणि बोलोन्या बुडाला. २००६ साली हे सारे उघडकीस आले तेव्हा याच प्रकरणात गुंतलेल्या युव्हेन्तुस क्लबाला खालच्या लीगमध्ये ढकलण्यात आले, आणि फिओरेन्तिनावर, अपिलानंतर, पुढील हंगामाच्या आरंभीच पंधरा गुणांचा दंड बसला. तो दंड फेडूनही तो संघ त्या हंगामात सहावा आला. म्हणजे खेळण्याची कुवत होती.

कूपरेजवरील त्या सायंकाळी प्रशिक्षकांनी बाटल्या पिशवीत भरल्यावर पंच त्यांच्यापाशी आले. बुटांची पिशवी खांद्याला, हातात सामन्याच्या अहवालाचा कागद, पावसाने कोपरे मऊ झालेला. कप्तानाची सही हवी होती. कप्तान म्हणजे ज्याच्या खांद्याला चेंडू लागला तोच मुलगा. त्याने कागद घेतला, बराच वेळ वाचल्यासारखा धरला, आणि मग बाहीवरचा तो डाग अंगठ्याने खरवडीत म्हणाला, "सर, खांदा होता."

पंचांनी डागाकडे पाहिले. "मला हात दिसला बाळा," ते म्हणाले, आणि पेन पुढे केले.

मुलाने सही केली. काही वेळाने मी बाहेर पडलो तेव्हा दोघेही बसच्या थांब्यावर एकमेकांपासून चार हातांवर उभे होते, आणि दोघांनाही एकाच बसने जावयाचे होते.